वाळत घातलेला बावटा

तांडेलमामा, त्या दिवशी बावट्याला लागलं ते अर्धा डबा डांबर, एक झिजलेला कुंचा आणि माझा सकाळचा तासभर. बंदर कचेरीत कुणाला विचारलंत तर एवढंच सांगतील, वर डांबरही आदल्या वर्षीचं उरलेलं होतं असं म्हणतील. खरी किंमत निराळी. तुमचा पडाव लागला, ती शिडाची मालहोडी. पडावातलं सगळं मीठ लागलं, आणि मीठ एकदा पाण्यात गेलं की त्याचा मागही राहत नाही. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं लागली, मामींचे तीन दिवस लागले. माझं काहीच लागलं नाही. उलट मला मिळालं. पनवेलात बसून दर्या ऐकणारा माणूस, हे नाव मला त्या अर्ध्या डब्यात मिळालं, आणि त्या नावावर मी बंदराचा शिपाई होतो तो दोन लाँचींचा मालक झालो. लग्नकार्यात माणसं मला पाहुण्यांपुढे उभं करतात, "हेच ते, तारेच्या आधी ज्यांनी वादळ ऐकलं," असं सांगतात, आणि मीही मान जराशी तिरकी करून, जणू आत्तासुद्धा काही ऐकतोय, असा उभा राहतो. सतरा वर्षं उभा राहतोय. आज मान अवघडली आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत.

आज सकाळी ट्रान्झिस्टरवर समुद्राचं हवामान सांगितलं. हा डबा तुम्ही पाहिला नाहीत; साबणाच्या दोन वड्या जोडून ठेवल्या तर होईल एवढा आहे, आणि त्यातून माणूस बोलतो. तो म्हणाला की अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे, तो उत्तरेकडे सरकण्याची शक्यता आहे, कोकण किनाऱ्याजवळ समुद्र खवळलेला राहील. बंदरावर बावटा अजून लागलेला नाही. कारकुनाकडे मुंबईहून तार यायची आहे. बाहेर ऊन आहे. खाडीचं पाणी ताटात ओतल्यासारखं पडून आहे. दिवाळी होऊन दहा दिवस झालेत, नवं भात गिरण्यांवर आलं आहे, अगदी त्या वर्षीसारखं. आणि नऊच्या सुमाराला तुमचा मुलगा माझ्या कचेरीचा जिना चढून वर आला.

त्यानं पडाव घेतलाय मामा. इंजिन बसवलेला. तुमच्या घरात सतरा वर्षांनी होडी आली. बायकोचं सोनं मोडलं, मिठागराचा एक तुकडा विकला, आणि काल होडीला नारळ फोडून हळदकुंकू वाहिलं. आज चारच्या ओहोटीला पहिलीच खेप काढतोय, मीठ भरून, हर्णैला. तुमचाच माल, तुमचीच वाट. मी म्हटलं, "रेडिओवर सांगितलं ते ऐकलंस का?" तो हसला. म्हणाला, "काका, रेडिओ मुंबईत बसून बोलतो. आमचे बाबा सांगून गेलेत, दर्या बोलतोय तवर भ्यायचं नाय, मुका झाला का होरी सोडायची नाय. तुमी आयका नि सांगा. आज बोलतोय का?" मी मान तिरकी केली. सवयीनं केली. दूरवरून ती घरघर येत होती, रोज येते तशी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बोलतोय." तो "मग झालं!" म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला. आता साडेबारा झालेत. खाली मिठाच्या गोण्या चढताहेत, त्यांचे आवाज इथवर येतात: धप्प, मग कुणीतरी शिवी देतं, मग धप्प.

तुम्ही मला पहिल्यांदा दर्या ऐकवलात तो दिवस आठवतो. मी तेव्हा बाविशीचा, आत डोंगराकडच्या नेऱ्याहून आलेला, पोहता न येणारा, आणि बंदराचा शिपाई. काम काय, तर होड्या मोजायच्या, कारकुनाला चहा आणायचा आणि मुंबईची तार आली की खांबावर बावटा चढवायचा. बावटा म्हणजे फडकं नव्हे हे मलासुद्धा तिथे आल्यावर कळलं. वेताची मोठी सुळक्यासारखी टोपली, वरून शिडाचं जाड कापड, त्यावर काळं डांबर. ती खांबावर दिसली की कुणी होडी सोडायची नाही. तुम्ही एकदा मला पडावात घालून उरणला नेलंत. किनाऱ्यावर वाळूत बसवलंत आणि म्हणालात, "डोले मिट. आता आयक." मी ऐकलं. लाट फुटते तो आवाज वेगळा, आणि त्याच्या मागे, खोल, घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा एक आवाज सारखा चाललेला. "ती गाज," तुम्ही म्हणालात. "ती हलू हाय तवर निभाव. मोटी झाली का समज, आत कुटंतरी बिघाड हाय, मग वर आभाल किती का निलं असंना." मी डोळे उघडले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. दर्याकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे. "येतंय का आयकू?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. मग तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "मना नाय येत. दोन वरसं झाली. कोनला सांगू नको."

पडावाचा तांडेल बहिरा होतोय हे मिठाच्या व्यापाऱ्यांना कळलं असतं तर माल मिळाला नसता, आणि खलाशांना कळलं असतं तर हुकूम चालला नसता. ते तुम्ही परक्या, पोहता न येणाऱ्या पोराला सांगितलंत. परतीच्या वाटेवर तुम्ही कमरेच्या चंचीतून पितळेचं कानकोरणं काढून माझ्या हातावर ठेवलंत. "कान साफ ठेव. आता ते माजे पन हायेत." ते कानकोरणं आत्ता माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नये म्हणून ठेवलंय, पण त्याला तेवढं वजन नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी तुम्हाला सांगितलं की पहाटे, माणसांचा गलबला सुरू व्हायच्या आधी, मला पनवेल बंदरातसुद्धा गाज ऐकू येते. बढाई म्हणून नव्हे मामा, मला खरंच ऐकू यायची. दक्षिणेच्या अंगाकडून, बारीक, अखंड. वारा दक्षिणेचा असला की मोठी, मतलई सुटली, म्हणजे जमिनीकडून वारा यायला लागला, की बारीक. बाकीचे तांडेल हसले. म्हणाले, "शिपायाला उरनचा दर्या आयकू येतो, उद्या मक्केची बांग आयकू येईल." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "त्याचं कान तेज हायेत, तुमच्या बायकांच्या जिभेवानी." आणि रोज निघताना पडाव सोडायच्या आधी माझ्यापाशी येऊन विचारू लागलात, "पोरा, आज काय?" मी सांगायचो, "बारीक आहे, जा," किंवा, "आज जड आहे, थांबा." दहातल्या सात वेळा माझं खरं निघे. दर्या बहुतेक दिवस बराच असतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. मी टाळतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पहाट आहे. ओहोटी नुकतीच लागली आहे. तुमचा पडाव भरून तयार आहे, मुंबईला भात नेणाऱ्या अकरा होड्या मागे उभ्या आहेत आणि त्यांचं भरणं अजून दोन तास चालायचं आहे. मी कचेरीपुढे बावट्याची टोपली जमिनीवर ठेवून डांबराचा डबा उघडतोय, कारण कापड फाटायला आलंय आणि वरचा साहेब तपासणीला येणार असं कारकुनानं बजावलंय. कारकून स्वतः कोर्टाच्या कामाला गावात गेला आहे. तुम्ही येता. डब्याकडे बघता. "वालत कुटं घालनार?" विचारता. मी म्हणतो, "बघू." तुम्ही म्हणता, "खांबावं नको टांगू. लोकांना खरा वाटंल." मी हसतो. मग तुम्ही तोच रोजचा प्रश्न विचारता, "पोरा, आज काय?"

मी कान देतो. काही नाही. दक्षिणेच्या अंगाला काही म्हणजे काहीच नाही. इतकं शांत मी कधी ऐकलेलं नव्हतं. खाडीतला मासा उडाला तर तो ऐकू यावा. मला आनंद होतो, मामा. तुम्हाला चांगली बातमी द्यायला मिळते म्हणून आनंद होतो. मी म्हणतो, "आज गाज नाहीच. दर्या झोपलाय. जा बिनधास्त." तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारता, तिचं वजन अजून पाठीवर आहे, आणि दोन खलाशांना घेऊन जाता.

मग मी डांबर फासलं. टोपली जमिनीवर वाळत ठेवली तर पहिल्या पाच मिनिटांत कारकुनाची कोंबडी येऊन तिला चिकटली. ती सोडवताना ती ओरडते, मी ओरडतो, हात काळे, पंख काळे. तुमचं बोलणं कानात होतं. पण वाटलं, तासभर वारा लागला तर काय होतंय, कारकूनही नाही, कोण बघतंय. टोपली दोरीला बांधली आणि चढवली खांबावर. चढवून मी हात धुवायला मागे विहिरीवर गेलो. डांबर पाण्यानं जात नाही. रॉकेल शोधण्यात वेळ गेला. परत येतो तर अकराच्या अकरा होड्यांवर भरणं थांबलेलं. खलाशी बिड्या ओढत बसलेत. एक तांडेल म्हणतो, "शिपाई, कवाचा लागला? किती नंबरचा?"

तेव्हाच सांगायचं होतं, "वाळत घातलाय." साधे दोन शब्द. पण ओहोटी अर्धी गेली होती. अकरा होड्यांचा दिवस मोडला असं कळलं असतं तर त्यांनी मला खाडीत बुडवलं असतं, आणि कारकुनानं नोकरीतून काढलं असतं. मी म्हटलं, "थांबा जरा. विचारून सांगतो." कुणाला विचारणार होतो? बावटा उतरवायचा धीर झाला नाही, दिवसभर तो तसाच वर राहिला. संध्याकाळी कारकून धावत आला. हातात तार. वर बघतो तर बावटा चढलेला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे, तार तर आत्ता माझ्या हातात पडली! तू कसा चढवलास?" सगळे बघत होते. आणि मी, माझे डांबराचे हात पाठीमागे धरून, म्हटलं, "गाज ऐकली."

रात्री वारा सुटला आणि सकाळपर्यंत पाणी धक्क्यावर आलं. आमच्या कचेरीची कौलं पानांसारखी गेली. खाडीत बांधलेल्या अकरा होड्या एकमेकींवर आपटत होत्या, पण त्या खाडीत होत्या. त्या दिवशी बाहेर असत्या तर त्यातल्या किती परत आल्या असत्या, हे लोक अजून बोटांवर मोजून दाखवतात. मला खांद्यावर घेतलं होतं हो लोकांनी. मी खांद्यावर होतो आणि वरून खाडीच्या तोंडाकडे बघत होतो.

वारा थोडा पडल्यावर मामी आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. खांबाच्या बुडाशी बसल्या. मी चहा आणला तो तसाच निवला. दुपारी त्यांनी मला हाक मारली. "इकरं ये." मी गेलो. "तुना आयकू येतं ना? समदे सांगतान, तुना दर्या आयकू येतो." मी चहाचा पेला उचलायला वाकलो. "मंग आयक. त्यांची होरी कुटं हाय ता सांग." मी म्हटलं, "मामी, तसं नाही ऐकू येत..." त्या म्हणाल्या, "तू आयक तर खरा." तांडेलमामा, मी ऐकलं. मान तिरकी करून, डोळे मिटून, एका बाईसमोर मी ऐकण्याचं सोंग केलं, आणि मग म्हटलं, "आहेत. येतायत." मामी म्हणाल्या, "बरं," आणि तो निवलेला चहा प्यायल्या. त्या तीन दिवसांत मी त्यांना असं सात-आठ वेळा ऐकून दाखवलं. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यांत वाईट काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी खोटा बावटा म्हणणार नाही, मी हे म्हणेन. आणि त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं तेही मला अजून सुचलेलं नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही आलात. उरणहून मिठागरांच्या बांधाबांधानं चालत. मागे दोन्ही खलाशी. हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, ती दोन बोटं दोरात सापडून गेलेली. लोकांनी तुम्हाला घेरलं. तुम्ही सांगितलंत: दुपारपर्यंत चांगलं चाललं होतं, मग पाण्यावर लांब लांब, गुळगुळीत लाटा यायला लागल्या. "वारा नाय नि लाट मोटी. तवाच मना कललं. डोल्यांनी कललं. होरी फिरवली." करंज्याच्या खाडीच्या तोंडाशी येईस्तोवर वाऱ्यानं गाठलं आणि पडाव खडकावर गेला. लोक म्हणाले, "तांडेल, या पोरानं आमच्या अकरा होऱ्या वाचवल्या. गाज आयकून बावटा चढवला!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पाय बघत होतो. माझ्या नखांत डांबर होतं. तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "बावटा सुकला का रं?"

लोकांना वाटलं वादळात भिजला म्हणून विचारताय. ते हसले. मी "हो" म्हटलं. त्यापुढे तुम्ही मरेपर्यंत तो विषय काढला नाहीत. माझं बहिरेपण तू झाकलंस, तुझं डांबर मी झाकतो, असं काही तुमच्या मनात होतं का? तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही.

एकदाच, पुढे कधीतरी, आपण दोघंच धक्क्यावर असताना मी धीर करून म्हटलं, "मामा, त्या पहाटे मी तुम्हाला जा म्हणालो." तुम्ही सुपारी कातरत होतात, उरलेल्या बोटांनी. म्हणालात, "तुजं कान खोटं नाय बोललं. दर्याच मुका झाला व्हता. मोटं वादल यायच्या आधी तो दम धरतो, मानूस मारायच्या आधी धरतो तसा. मना पन ठाव नव्हतं. आता ठाव झालं." आणि तुम्ही ते सगळ्यांना शिकवलंत. पडाव गेल्यावर तुम्ही पुन्हा होडी घेतली नाहीत, माझ्या पहिल्या लाँचीच्या धक्क्यावर दोर सांभाळत बसलात, आणि जो नवा तांडेल येईल त्याला सांगत राहिलात, "दर्या बोलतोय तवर भ्यायचं नाय, मुका झाला का होरी सोडायची नाय." आज उरणपासून पनवेलपर्यंत कुणालाही विचारा, हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवतील. तुमचं वाक्य म्हणून म्हणतात. त्यात माझे कान आहेत.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते. तुम्ही परत आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ धुऊन निघालं होतं. पहाटे मी खांबाशी उभा राहिलो आणि कान दिला. पुन्हा काहीच नाही. दर्या मुका. वाटलं, दुसरं वादळ येतंय. मी तसाच उभा. मग बंदराच्या दक्षिणेला भातगिरणीच्या धुराड्यातून धूर निघाला. इंजिन दोनदा खोकलं. आणि माझ्या कानात, त्याच दिशेनं, तशीच बारीक, अखंड गाज सुरू झाली. मी गिरणीपर्यंत चालत गेलो. जसजसा जवळ गेलो तसतशी ती मोठी होत गेली. दारात मिस्त्री उभा होता, त्याला विचारलं, "गिरणी बंद होती का?" तो म्हणाला, "सहा दिवस! वादळाच्या आदल्या पहाटे मोठा पट्टा तुटला, त्यात पावसानं आत पाणी. आज जोडला नवा."

म्हणजे दर्या झोपला नव्हता, दमही धरला नव्हता. दर्या त्याच्या जागी होता आणि बहुतेक उरणच्या किनाऱ्यावर बैलासारखा डुरकत होता. मी तुम्हाला गिरणीवरून समुद्रात पाठवलं.

हे तुम्हाला सांगायचं मी सतरा वर्षं ठरवतोय, त्यातली दहा तुम्ही समोर होतात. पहिल्यांदा नोकरीची भीती. मग लाँच घेतली तेव्हा लोक माझ्या कानांवर विश्वास ठेवून बसत होते, म्हणून भीती. मग तुम्ही म्हातारे झालात आणि ते वाक्य पोरांना शिकवताना तुमचं तोंड उजळायचं. एवढं एकच शहाणपण त्या पडावाच्या बदल्यात तुम्हाला मिळालं होतं, ते काढून घ्यायची भीती. प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि चांगलं होतं. चांगली कारणं मला कधी कमी पडली नाहीत, धंद्यात तीच उपयोगी पडली.

पण आज गिरणी चालू आहे. भाताचा हंगाम आहे, ती आज बंद व्हायची नाही. तुमचा मुलगा तुमचं वाक्य घेऊन, माझं "बोलतोय" घेऊन, बायकोचं सोनं मोडून घेतलेल्या होडीत चढणार आहे. खाली धप्प धप्प थांबलंय. म्हणजे भरणं झालं. मी त्याला मालक म्हणून थांबवू शकत नाही; होडी त्याची आहे. रेडिओचं तो ऐकत नाही. माझं ऐकेल, पण काय म्हणून? आत्ता जाऊन "मुका झाला" असं खोटं सांगितलं तरी तो थांबेल. सोपं आहे. मान तिरकी करायची, की झालं. पुढच्या वेळी, मी नसताना, गिरणी चालू असताना, तो कुणाचं ऐकेल?

साडेतीन वाजले. जाऊन येतो.

सहा वाजलेत. जाऊन आलो. घरी न जाता पुन्हा इथेच बसलोय. हे पत्र पुरं करतो आणि कानकोरण्याबरोबर खणात ठेवतो.

तो सुकाणूपाशी होता, चार खलाशी दोर सोडायच्या बेतात, धक्क्यावर आणखी पंधरा-वीस माणसं, पहिली खेप म्हणून जमलेली. मामीही होत्या, पालथ्या पाटीवर बसलेल्या, आता फारसं दिसत नाही त्यांना. मी तिथेच उभं राहून सांगितलं. बाजूला घेऊन सांगणार होतो, पण बाजूला घेतलं तर मी पुन्हा काहीतरी चांगलं कारण काढीन हे मला माहीत होतं. डांबर सांगितलं, कोंबडी सांगितली, गिरणी सांगितली. कोंबडीला हसले लोक. गिरणीला कुणी हसलं नाही. तुमचा मुलगा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता. तुमच्यासारखंच, माझ्या तोंडाकडे. मग म्हणाला, "मंग आमचे बाबा आमाला जे शिकवून गेले ते?"

मी म्हटलं, "तो गिरणीचा पट्टा होता."

तो खाली उतरला. दोर स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला, दोनदा गाठ मारली, आणि माझ्याकडे न बघता माझ्या अंगावरून गेला. तो पुन्हा माझा जिना चढेल असं वाटत नाही. मामी म्हणाल्या, "मंग तवा तू मना खोटंच सांगत व्हतास? येतायत म्हून?" मी हो म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला. "पन आलं ना ते," म्हणाल्या.

तार अजून आलेली नाही. आभाळ अजून निळं आहे. वादळ दुसरीकडे वळलं तर उद्या सगळं बंदर मला हसेल, आणि एका तरण्या माणसाची पहिली खेप मोडली म्हणून बोलही लावील. मला भीती वाटतेय मामा, आणि ती कशाची हे नीट सांगता येत नाही: वादळ येण्याची की न येण्याची. दर पाच मिनिटांनी मी खिडकीतून बघतो, दोर बांधलेला आहे ना.

निघताना एका खलाशानं मागून हाक मारली. टोमणा होता, पण आवाजात विषही नव्हतं. "शेट, मंग आता काय आयकू येतंय ते तरी सांगा!" मी थांबलो. या वेळी मान सरळ ठेवून ऐकलं.

गिरणी ऐकू येत होती. पनवेल बंदरातून दर्या ऐकू येत नाही.